काचेच्या कोपऱ्यातलं साल

गाडीच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात काच बनवणाऱ्या कंपनीचा बारीक शिक्का असतो. पुढच्या काचेला, मागच्या काचेला, दारांच्या काचांना, सगळीकडे. इतकी वर्षं गाड्यांतून फिरले, काचा पुसल्या, वाफेवर मुलांनी बोटांनी काढलेली चित्रं पाहिली, पण त्या शिक्क्याकडे कधी नजर गेली नव्हती. त्यात आकडे असतात आणि आकड्यांच्या आगेमागे ठिपके. आकडा सालाचा, ठिपके महिन्याचे! कारखान्यातून गाडी निघते तेव्हा तिच्या सगळ्या काचा साधारण एकाच काळातल्या असतात. मग २०१८ च्या गाडीत पाच काचांवर १८ आणि डाव्या मागच्या दारावर २१ असेल, तर २०२१ साली किंवा त्यानंतर त्या दाराला काहीतरी झालं होतं. विकणारा सांगो न सांगो, काच सांगते.

हे कळलं आणि मी कराडच्या रस्त्यांवर उभी दिसेल ती गाडी वाचत सुटले. भाजी घ्यायला गेले तरी मंडईबाहेरच्या गाड्यांच्या काचा वाचायच्या, शाळेच्या आवारात सहशिक्षकांच्या गाड्या वाचायच्या. अजूनही ते वेड उतरलेलं नाही आणि उतरावं असं वाटतही नाही. जुनी गाडी वाचता येते! तिच्या पत्र्यावर, बोल्टांवर, पेडलच्या रबरावर, विम्याच्या कागदावर तिचं सगळं आयुष्य लिहिलेलं असतं. कुठं बघायचं तेवढं माहीत हवं. मला ते आत्ता, या वर्षी, जुनी छोटी एसयूव्ही शोधताना समजलं आणि जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे.

गाडी हवी होती ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. आमचं मूळ घर गुहागरच्या बाजूला. कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढं. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये बसताना आईंना खाली कोसळावं लागायचं आणि उतरताना दोघांनी धरून वर ओढावं लागायचं. एसयूव्हीची सीट नेमकी कमरेच्या उंचीला येते; माणूस बसत नाही, सरकतो. शिवाय घराकडचा शेवटचा तुकडा जांभ्या दगडाचा आणि दर पावसाळ्यात त्याचा ओढा होतो. हॅचबॅकचं पोट घासलं की आई डोळे मिटून रामरक्षा सुरू करायच्या. तेव्हा उंच गाडी, आणि बजेट सगळं धरून सहा लाख.

सहा लाखांत नवी एसयूव्ही येतच नव्हती असं नाही, शोरूमच्या किमतीत अगदी खालच्या श्रेणीतली एखादी येत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या बऱ्याच उतरल्या. पण नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांनाही उतरावंच लागतं! म्हणजे जी गाडी कालपर्यंत हाताबाहेर होती ती आज सहा लाखांच्या आत येऊन उभी. तेव्हा मी जुन्याच घ्यायच्या वाटेला लागले आणि लागले ती लागलेच.

आधी एक गोष्ट मला अतिशय आवडली ती सांगते. या सगळ्या छोट्या एसयूव्ही एकाच मापाच्या का असतात? इकोस्पोर्टची लांबी ३९९९ मिलिमीटर. ब्रेझा ३९९५. नेक्सॉनही तिथंच आसपास, चार हजारांच्या आत. चार मीटरची रेषा दिसली की सगळ्या अलीकडेच थांबतात, आणि इकोस्पोर्ट तर एका मिलिमीटरवर! याचं मूळ २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर ती छोटी गाडी, आणि तिच्यावर उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के. त्या एका ओळीनं पुढच्या वीस वर्षांच्या भारतीय गाड्यांचा आकार ठरवला. डिकी कापल्यासारख्या दिसणाऱ्या सेडान त्यातूनच आल्या आणि या एसयूव्हीही त्यातूनच. आणि या जातीची पहिली गाडी आपल्या चिंचवडची! पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरनं २००९ मध्ये रिओ नावाची छोटी एसयूव्ही आणली. फार चालली नाही, पण मोठ्या कंपन्या त्या वाटेला नीट लागल्या त्या त्यानंतर. आता एखादी रिओ दिसली तर मी थांबून नमस्कार करीन.

मॉडेलांचा अभ्यास मी जेवढा केला त्याला घरात सगळे कंटाळले, म्हणून इथं थोडक्यात सांगते. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली. २०१६ मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा, तिच्यात फियाटच्या घराण्यातलं १.३ लिटरचं डिझेल मल्टिजेट इंजिन. हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. त्यामुळं महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ते उघडून पुन्हा जोडणारा मिस्त्री सापडतो. २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, रांजणगावच्या कारखान्यातून. डिसेंबर २०१८ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. मग २०१९ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ३००, नाशिकची. तिलाही पाच तारे, आणि तिचं डिझेल इंजिन म्हणजे ३०० न्यूटन मीटरचा टॉर्क, घाटात नुसती उडते. पण डिकी लहान, २५७ लिटर; आमच्या घरच्या आंब्याच्या पेट्या त्यात मावणार नाहीत. रेनॉची डस्टर चार मीटरच्या बाहेरची, सव्वाचार मीटरहून लांब, पण खराब रस्त्यावर तिच्यासारखी चाल कुणाची नाही.

या सगळ्यात एक बारीक गोष्ट फार कामाची निघाली. एप्रिल २०१९ पर्यंत एबीएस सर्व गाड्यांना सक्तीचं नव्हतं आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग तर त्यानंतरही काही काळ सक्तीच्या नव्हत्या. त्यामुळं त्याआधीची गाडी बघताना मॉडेलचं नाव विचारून भागत नाही, व्हेरियंट विचारावा लागतो. त्याच नावाची, त्याच रंगाची, त्याच सालची गाडी. एकीत एअरबॅग आहेत, दुसरीत नाहीत, आणि किमतीत फरक पंचवीस-तीस हजारांचा. ते पंचवीस-तीस हजार मी कुठंही वाचवणार नव्हते.

पण खरं शिक्षण मॉडेलांचं नव्हतंच. ते मिस्त्रींकडं झालं.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांच्या मुलीला मी शाळेत शिकवलेलं, म्हणून ते मला बाईच म्हणतात. पहिलीच गाडी बघायला त्यांना घेऊन गेले तर त्यांनी बॉनेटकडं बघितलंसुद्धा नाही. मागचं दार उघडलं, चौकटीवरची रबर बीडिंग बोटानं पकडली आणि वरून खालपर्यंत सरकन ओढून काढली. मी दचकलेच. "बाई, इकडं या. ह्ये बघा ठिपकं." बीडिंगखालच्या पत्र्यावर ओळीनं गोल गोल खळगे होते, ठराविक अंतरावर, एकाच मापाचे. कारखान्यातल्या यंत्राच्या स्पॉट वेल्डिंगच्या त्या खुणा. पिलर कधी कापून जोडला असेल तर ही ओळ मोडते. खळगे गायब होतात, किंवा वेडेवाकडे होतात, किंवा त्यावर रंगाचा जाड थर बसलेला असतो. बीडिंग परत दाबून बसवली, पुढचं दार. मग दाराच्या आतल्या कडेला त्यांनी माझं बोट धरून फिरवायला लावलं. तिथं सीलंटची एक रेघ असते, सोऱ्यातून पडावी तशी एकसारखी. तिच्यावर नख दाबायचं. कारखान्यातली असेल तर नख रुतत नाही. हातानं भरलेली असेल तर मऊ लागते, कुठं जाड, कुठं पातळ, आणि कधी कधी रेघच नसते.

त्यानंतर बोल्ट. पुढच्या मडगार्डाचे, बॉनेटच्या बिजागऱ्यांचे, दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट गाडीच्याच रंगाचे असतात, कारण ते बसवल्यावर गाडी रंगते. एकदा त्यावर पाना चढला की कडांचा रंग उडतो. कितीही पॉलिश करा, पान्याची खूण जात नाही! मी टॉर्च धरून एकेक बोल्ट बघत होते आणि मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बॉनेट खोललेलं हाय, दारं न्हाईत. पुढनं धडक हाय, पर बारीक." मग बॉनेटखालचा एप्रन बघितला, बंपरच्या मागची आडवी पट्टी बघितली, सरळ होती. बारीक म्हणजे बारीकच. शहरात चालणाऱ्या गाडीचा बंपर कधी ना कधी घासणारच आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पिलर, एप्रन, छप्पर यांना हात लागलेला असेल तर तिथून निघायचं. हा भेद समजला आणि माझी निम्मी भीती गेली. "नॉन-अ‍ॅक्सिडेंट" हा शब्द जाहिरातीत वाचून मी आधी सुखावायचे. आता मी विचारते, कुठं लागलं होतं आणि काय बदललं?

लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली ओळखायला मिस्त्री लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवतात. मूळ पत्र्यावर तो खेचला जातो, लांबीच्या जाड थरावर त्याची पकड सुटते. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्रही मिळतं. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो, पुन्हा मारलेला त्याच्या दुपटीवर आणि लांबीचा तर हजारावर जातो. पण मला चुंबकच आवडला. हाताला कळतं.

आता पूर. आमच्या भागात जुनी गाडी बघायची तर हा विषय सोडून चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. म्हणजे मी ज्या दोन टोकांत गाडी शोधत होते ती दोन्ही टोकं बुडालेली! चिपळूणच्या आमच्या आत्तेसासूबाईंच्या घरात वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं तेही. त्यातल्या कितीतरी गाड्या विमा कंपन्यांनी निकालात काढल्या, लिलावात गेल्या, धुतल्या गेल्या, वाळवल्या गेल्या. त्या गेल्या कुठं? कुणाच्या तरी दारात उभ्या आहेत.

एका गावातल्या वाहन बाजारात एक पांढरी गाडी होती. चकचकीत. सीट कव्हर नवी, कार्पेट नवं, आत मोगऱ्याचा वास. मला ती बघताक्षणी आवडली होती. मिस्त्री ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि सीट बेल्ट ओढायला लागले. ओढला, अजून ओढला, पार शेवटपर्यंत, जिथं पुढं पट्टाच उरत नाही तिथपर्यंत. रोजच्या वापरात पट्ट्याचा हा शेवटचा हातभर भाग कधी बाहेरच येत नाही, गुंडाळीत असतो. धुणारा माणूस तो धूत नाही. त्या शेवटच्या भागावर आडवी, फिकट मातकट रेघ होती. बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखा बारीक गाळ लागला. कृष्णेचा की वाशिष्ठीचा कोण जाणे! मग डिकीतली स्टेपनी उचलली, तिच्या खड्ड्याच्या कडेला तोच गाळ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. हेडलाइटच्या आत, काचेच्या मागे, पाण्याची पातळी दाखवणारी पुसट रेषा. सगळं एकमेकांशी जुळत गेलं आणि मला इतका आनंद झाला की मी तिथंच टाळी वाजवली. गाडी वाईट निघाली म्हणून नव्हे; ती वाचता आली म्हणून! बुडालेली गाडी आज चालते, उद्याही चालते. मग कधीतरी वायरिंगच्या जोडात हिरवं चढतं, डॅशबोर्डखालचा संगणक रुसतो आणि घाटाच्या मध्यावर गाडी मुकी होते. आई शेजारी बसलेल्या असताना मला ते नको होतं.

किलोमीटरचंही तसंच. मीटर फिरवणं सोपं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मीटर फिरवणारा बहुतेक वेळा पेडलचं रबर बदलत नाही. क्लच आणि ब्रेकच्या रबरावर आडव्या धारा असतात. चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीत त्या बोटाला टोचायला हव्यात. एका गाडीचा मीटर चाळीस हजारांच्या आसपास होता आणि क्लचचं रबर डाव्या कडेला पार गुळगुळीत, धातू दिसायला आलेला. स्टिअरिंग घड्याळात दहा आणि दोन वाजतात तिथं चमकायला लागलेलं. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. टायरवरही साल असतं: कडेला चार आकडे एका चौकटीत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला दुसरा जोड कशाला लागला असेल, हा प्रश्न विचारायला मला आता फार आवडतं.

आणि कागद! मी कागद म्हणजे कटकट समजायचे, आता मला ते सगळ्यांत चटकदार प्रकरण वाटतं. एम-परिवहनवर नंबर घातला की पासिंगची तारीख, कितवा मालक, पीयूसी, विमा, एचपी म्हणजे कर्जाचा बोजा आहे की नाही, सगळं समोर येतं. एचपी असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे हातचे सोडायचे नाहीत. ई-चलन किती थकलंय ते वेगळं बघायचं. तासगावच्या गाडीवर पुण्यातल्या वेगमर्यादेची चलनं असतात, मग कळतं की गाडी कुठं कुठं फिरली. पण माझा सगळ्यांत लाडका कागद म्हणजे विम्याची पॉलिसी. तिच्यावर नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो. एक वर्ष क्लेम न घेता गेलं की २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. सहा-सात वर्षांच्या गाडीवर ५० टक्के लिहिलंय म्हणजे निदान पाच वर्षांत तिच्यावर विम्याचा दावा नाही. आणि शून्य लिहिलंय तर गेल्याच वर्षी बहुधा काहीतरी घडलंय, विचारा! बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो नव्या मालकाला मिळत नाही. पण त्याच्या टक्क्यात लपलेली बातमी मात्र फुकट मिळते.

बाहेरच्या राज्यातल्या गाड्यांकडं मी वळले नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडं स्वस्तात येतात, दिसायला सुंदरही असतात. पण फॉर्म २८ ची एनओसी आणायची, महाराष्ट्रात रस्ता कर नव्यानं भरायचा, नंबर बदलायचा. आणि तिचा मिस्त्री कोण होता हे विचारायला दिल्लीला कोण जाणार? माझी गाडी एमएच ०८, ०९, १०, ११ नाहीतर ५० ची असावी, जिच्या मालकाच्या अंगणात मी जाऊन उभी राहू शकेन, असं मी ठरवून टाकलं.

पैशाचं गणित सोपं ठेवलं. सहा लाखांतले साठ-सत्तर हजार बाजूला काढून ठेवले आणि ते नाहीतच असं समजले. सोळा इंची चार टायर तीस हजारांच्या आसपास जातात, विमा आपल्या नावावर करायचा, सगळी तेलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात हे लागतंच. ज्याच्याकडं हे पैसे उरत नाहीत तो मग सहा महिने गुळगुळीत टायरवर घाट चढतो.

डिझेल की पेट्रोल यावर घरात पुष्कळ बोलणं झालं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. रोज शाळा ते घर एवढंच चालवणाऱ्यानं त्या वाटेला न गेलेलं बरं. त्यापूर्वीच्या बीएस-४ डिझेलमध्ये बहुतेकांत ही भानगड नाही. आणि पाच माणसं, पेट्या, एसी आणि कुंभार्ली घाट म्हटल्यावर डिझेलच्या खालच्या ताकदीला तोड नाही. इतकं ठरलं आणि यादी आपोआप छोटी झाली.

तासगावला एका द्राक्षबागायतदार काकांकडं २०१८ ची इकोस्पोर्ट होती, दीड लिटर डिझेल, पहिलाच मालक. मला इकोस्पोर्टचं नाव घ्यायला सगळ्यांनी मनाई केली होती, कारण फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपनीच गेली, पार्ट कुठून आणणार? पण मी चौकशी करत गेले तसं लक्षात आलं की सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवल्याचं कंपनीनं तेव्हाच सांगितलं होतं, नेहमीचे पार्ट मिळत आहेत, आणि या एका भीतीपायी त्याच सालच्या ब्रेझाच्या मानानं इकोस्पोर्ट चांगलीच स्वस्त पडते. मागचं दार आडवं उघडतं आणि स्टेपनी त्यावरच टांगलेली, त्यामुळं भिंतीला लावून गाडी उभी केली तर डिकी उघडत नाही. तेवढी अडचण मला मान्य होती.

काकांना आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या मिस्त्रींनी बॉनेटवर तळवा ठेवला. गार. "काका, खरंच न्हाई चालू केली व्हय!" काका म्हणाले, "तुमीच सांगितलं न्हवं?" सेल्फ मारला, अर्ध्या फेरीत इंजिन लागलं. मी मागं सायलेन्सरपाशी वाकले होते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा दाट आणि न थांबणारा म्हणजे कूलंट आत उतरतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. काहीच नव्हतं. मग मिस्त्रींनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं. झाकण जरासं थरथरलं आणि तिथंच बसून राहिलं. पिस्टन-रिंगा झिजल्या की आतला दाब वर येतो, झाकण नाचतं, उडून खालीही पडतं. साध्या प्लॅस्टिकच्या झाकणानं इंजिनाचा दम सांगितला! मी मिस्त्रींना म्हटलं, हे मी नववीच्या विज्ञानाच्या तासाला सांगणार. सांगितलंही.

मी स्वतः चालवली. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून सावकाश गोल फिरवली, पुढच्या चाकातून कट-कट येते का ऐकत. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट गेली. दोन्ही बरोबरीनं वाढले. खड्ड्यावरून डावीकडून टक् असा आवाज आला. मिस्त्री मागून म्हणाले, "लिंक रॉड. हजाराच्या आतबाहेर काम हाय." स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये माझं ब्लूटूथचं छोटं स्कॅनर लावलं, मोबाइलवर एकही बिघाड नाही. आणि त्याच स्कॅनरवर आणखी एक आकडा बघता येतो जो मला फार आवडतो: बिघाडाची नोंद शेवटची पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा दहा-वीस आला तर कुणीतरी कालच पाटी पुसलीय! इथं तो हजारांत होता.

काचांवर सगळीकडे एकच साल. बीडिंगखाली खळग्यांची सरळ ओळ. मागच्या सीट बेल्टचा शेवटचा हातभर भाग करकरीत काळा. डाव्या बाजूच्या मागच्या दाराला रंग मारलेला. चुंबकाला कळायच्या आधी काकांनीच सांगितलं, बेदाण्याच्या शेडचा खांब लागला होता. आणि मग घरातून त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. खताची. तिच्यात सात वर्षांची सगळी बिलं, प्रत्येक सर्व्हिसचं, प्रत्येक टायरचं, बॅटरीचं, वायपरच्या रबराचंसुद्धा. मी ओट्यावर बसून एकेक बिल उलगडत गेले, प्रत्येकावर किलोमीटरचा आकडा, पायरीपायरीनं चढत आलेला, कुठं उडी नाही. काकूंनी मध्येच चहा आणून ठेवला तो गार झाला तरी मी वाचतच होते. पॉलिसीवर बोनस ५० टक्के. पाच लाख दहा हजारांना सौदा झाला.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, नाव लावायचा अर्ज लगेच टाकला. कायद्यात नव्या मालकाला तीस दिवस असतात, पण विम्यासाठी मात्र चौदा दिवसांतच धावावं लागतं. थर्ड पार्टी आपोआप गाडीबरोबर येते, स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय भरून मिळत नाही. मिस्त्रींनी लिंक रॉड बदलला, तेलं बदलली आणि टायमिंग बेल्टची तारीख एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिली. या इंजिनाला साखळी नाही, पट्टा आहे, आणि पट्ट्याची मुदत कधीही ओलांडायची नाही. तो तुटला की इंजिनच उघडावं लागतं. ब्रेझाच्या मल्टिजेटला साखळी आहे, हा तिचा मोठा गुण, आणि जिला जास्त किंमत परवडते तिनं तीच घ्यावी असं मी म्हणेन.

आई पुढच्या सीटवर सरकल्या. जांभ्याच्या रस्त्यावर पोटाखालून एक खडासुद्धा घासला नाही आणि परतताना कुंभार्लीच्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता वर खेचत राहिली.

आता शाळेतल्या एका बाईंना गाडी घ्यायची आहे, बजेट साडेचार लाख. रविवारी आम्ही इस्लामपूरला एक २०१६ ची ब्रेझा बघायला चाललोय. विक्रेत्याला सांगून ठेवलंय, सकाळी गाडी सुरू करू नका. पर्समध्ये टॉर्च आहे, चुंबक आहे, स्कॅनर आहे, आणि त्या बाईंना मी आत्ताच बजावलंय की रंग आवडला तरी चेहऱ्यावर दाखवायचा नाही, आधी मागचा सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढायचा.